राजाच्या टीए बिलावर ऑब्जेक्शन कोण काढणार?

बाबा सरकारी खात्यात हेडक्लार्क होते आणि बरीच वर्षं प्रवासभत्त्याची बिलं तपासायचं टेबल त्यांच्याकडे होतं, त्यामुळे आमच्या घरात 'टीए बिल' हा शब्द वरणभाताइतका रोजचा. साहेब लोक दौऱ्यावरून आले की बिल लावायचे आणि बाबा लाल पेनानं ऑब्जेक्शन काढायचे. एसटीची सोय असताना खासगी गाडी का, मुक्काम एक दिवस जास्त का, मुक्कामाचं प्रयोजन लिहिलेलं नाही, तिकीट जोडलेलं नाही. एकदा एका बऱ्यापैकी मोठ्या साहेबांचं बिल त्यांनी परत पाठवलं कारण दौऱ्याच्या वाटेत मध्येच देवदर्शनाचा मुक्काम घुसडलेला होता. साहेब भडकले, चार दिवस बोलले नाहीत, आणि मग गुपचूप ती एक ओळ खोडून बिल परत आलं. आई म्हणायची कशाला वैर घेता, बाबा म्हणायचे अगं वैर कसलं, मी फक्त विचारलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मी आता इंग्लंडात राहतो आणि इथे दरवर्षी उन्हाळ्यात बकिंगहॅम पॅलेसचा वर्षभराचा हिशोब छापून येतो. त्यात राजघराण्याच्या मोठ्या प्रवासांची यादी असते, कोण कुठे गेलं, कशानं गेलं, किती पौंड लागले. म्हणजे राजाचं टीए बिलच म्हणा ना. आणि मग दोन-तीन दिवस पेपरात, टीव्हीवर, ऑफिसच्या किचनमध्ये तोच विषय. २०२४-२५ च्या हिशोबात अधिकृत प्रवासाचा खर्च ४७ लाख पौंड होता, त्यात हेलिकॉप्टरच्या १४१ फेऱ्या, सामोआत कॉमनवेल्थच्या परिषदेला राजा चार्ल्स आणि राणी कमिला गेले त्याचे ४ लाखांहून जास्त, आणि सगळ्यात गाजलेली ओळ म्हणजे राजाचा ग्लॉस्टरशायरहून स्टॅफर्डशायर आणि तिथून लंडन असा शाही रेल्वेनं दोन दिवसांचा प्रवास, ४४,८२२ पौंड. माझ्या शेजारच्या डेस्कवरच्या माणसानं लगेच फोनवर काढून दाखवलं की एवढ्यात किती वर्षांचा सीझन पास येतो.

ती रेल्वे आता बंद होणार आहे. नऊ डब्यांची ही गाडी २०२७ पर्यंत निवृत्त करायचं पॅलेसनं त्याच वेळी जाहीर केलं, आणि लोकांना वाटलं की चला, आपला आवाज पोचला, काहीतरी काटकसर झाली.

मला काही तसं वाटत नाही. मला वाटतं की आपण चुकीच्या ओळीवर लाल पेन मारतोय.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. मी राहतो स्लावमध्ये. स्लाव (Slough) म्हणजे लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळचं, गुजराती-पंजाबी-मराठी-पोलिश सगळ्यांनी भरलेलं, दिसायला काही खास नसलेलं गाव. पण १८४२ च्या जूनमध्ये व्हिक्टोरिया राणीनं आयुष्यातला पहिला रेल्वेप्रवास केला तो इथूनच, स्लाव ते पॅडिंग्टन. कारण विंडसरचा किल्ला इथून हाकेच्या अंतरावर, अजूनही स्लावहून छोटी गाडी सहा मिनिटात विंडसरला सोडते. हिवाळ्यात झाडं बोडकी झाली की किल्ल्याचा गोल बुरूज लांबून दिसतो. आणि याच स्लावच्या कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, २०२१ च्या जुलैत कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे सोप्या भाषेत दिवाळं. मग जे व्हायचं ते झालं, सेवांना कात्री, मालमत्ता विकायला काढल्या, आणि २०२३ मध्ये कौन्सिल टॅक्स एका फटक्यात ९.९९ टक्क्यांनी वाढला. तेव्हा बुरुजाकडे बघून डोक्यात काय येतं हे वेगळं सांगायला नको. पण नुसतं 'आमच्या गावाकडे पैसे नाहीत आणि यांना हेलिकॉप्टर' एवढ्यावर थांबलं तर तो फक्त जळफळाट होतो, युक्तिवाद होत नाही, हे मला मान्य आहे. ती हेलिकॉप्टरं उद्या विकली तरी स्लावचा एक रस्ता नीट होईल का, शंकाच आहे.

म्हणून जरा पैसा येतो कसा ते बघूया, कारण खरी गंमत तिथे आहे.

२०१२ पर्यंत राजघराण्याला सिव्हिल लिस्ट नावाची ठरलेली रक्कम मिळायची, संसद ठरवायची, १९९० नंतर ती वर्षाला ७९ लाख पौंडांवर गोठलेली होती. शिवाय प्रवास, इमारती यांची वेगळी अनुदानं. मग २०११ च्या कायद्यानं हे सगळं एकत्र करून सॉव्हरिन ग्रँट आणली. यात क्राऊन इस्टेटच्या नफ्याचे अमुक टक्के अशी रक्कम ठरते. क्राऊन इस्टेट म्हणजे लंडनमधल्या महागड्या जागा, शेतजमिनी आणि किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्राचा तळ. आधी १५ टक्के ठरले, मग बकिंगहॅम पॅलेसची वायरिंग आणि पाइप बदलायच्या ३६ कोटी ९० लाखांच्या कामासाठी २५ टक्के केले, आता १२ टक्क्यांवर आणलेत. ऐकायला वाटतं की वा, निम्म्यावर आणले. पण मधल्या काळात समुद्रात पवनचक्क्या उभारायला कंपन्यांनी तळाच्या जागेसाठी एवढे पैसे मोजले की क्राऊन इस्टेटचा नफा वर्षाला ११० कोटी पौंडांवर गेला, आणि मग १२ टक्क्यांनीसुद्धा ग्रँट ८ कोटी ६३ लाखांवरून २०२५-२६ मध्ये १३ कोटी २१ लाख झाली. पहिल्या वर्षी, २०१२-१३ मध्ये, ती ३ कोटी १० लाख होती. वाढलेल्यातला मोठा भाग पॅलेसच्या दुरुस्तीचा आहे, महागाईही आहे, हे कबूल. तरी विचार करा, वारा समुद्रात वाहतो, चक्की कंपनी लावते, विजेचं बिल मी भरतो, आणि त्याच्या हिशोबानं राजाचा भत्ता वाढतो. यात राजानं जास्त काम केलं का कमी केलं याचा कुठे काही संबंधच नाही.

आणि त्यात अजून एक खुंटी मारून ठेवली आहे. नफा कितीही पडला तरी ग्रँट आदल्या वर्षाहून खाली येत नाही. वर जायला जिना आहे, खाली यायला नाही. मला माझ्या कंपनीनं असं अपॉइंटमेंट लेटर द्यावं अशी फार इच्छा आहे.

रक्कम ठरवणारे तिघं. पंतप्रधान, अर्थमंत्री आणि कीपर ऑफ द प्रिव्ही पर्स. हा तिसरा माणूस म्हणजे पॅलेसचाच खजिनदार. म्हणजे बिल लावणाऱ्याचा माणूस बिल मंजूर करणाऱ्यांच्या टेबलावर बसलेला. बाबांना हे फोनवर सांगितलं तर ते दोन सेकंद गप्प झाले आणि म्हणाले, मग ऑब्जेक्शन कोण काढतो?

हाच तो प्रश्न, आणि माझं या सगळ्या वादाबद्दल म्हणणं एवढंच आहे. खर्च झाल्यावर नॅशनल ऑडिट ऑफिस हिशोब तपासतं, यादी छापली जाते, संसदेची समिती अधूनमधून प्रश्न विचारते, सगळं होतं. पण प्रवासाला निघायच्या आधी किंवा रक्कम ठरायच्या आधी 'नामंजूर' असं लिहू शकेल असा स्वतंत्र माणूस कुठे दिसत नाही. आपल्याला फक्त तिकिटं बघायला मिळतात. तिकिटं बघून आपण चार दिवस संतापतो, मग विम्बल्डन सुरू होतं.

या संतापाची एक उलटी गंमतही आहे. जो खर्च छापून येतो त्याच्यावरच शिव्या पडतात, आणि जो छापूनच येत नाही तो आरामात. राजकन्या ॲन वर्षभर कुठल्या कुठल्या गावात दवाखान्याचं उद्घाटन कर, घोड्यांच्या संस्थेला भेट दे असं करत फिरते, तिच्या फेऱ्या यादीत दिसतात म्हणून तिच्यावर टीका. पण राजघराण्याच्या सुरक्षेचा खर्च किती? तो यात धरलेलाच नाही. पोलीस, अंगरक्षक, हा सगळा पैसा गृहखात्याकडून जातो आणि आकडा सुरक्षेच्या कारणासाठी सांगितला जात नाही. कुठला रक्षक कुठे उभा असतो ते सांगू नका, बरोबर आहे, पण वर्षाची एक गोळाबेरीज सांगितल्यानं कुणाचा जीव धोक्यात येतो हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. रिपब्लिक नावाची राजेशाहीविरोधी संघटना सगळं धरून वर्षाचा खर्च ५१ कोटी पौंड होतो असं म्हणते, पॅलेसला ते मान्य नाही, आणि खरा आकडा बाहेर नसल्यामुळे दोघंही आपापल्या जागी खूश. यात एक मजेशीर अपवाद म्हणजे राजाचा धाकटा मुलगा हॅरी. त्याला घराण्याचं काम सोडल्यावर आपोआप मिळणारं पोलीस संरक्षण द्यायला सरकारी समितीनं २०२० मध्ये नकार दिला, तो कोर्टात गेला, मे २०२५ मध्ये अपिलातही हरला. म्हणजे 'नाही' म्हणायची यंत्रणा या देशात बनवता येते. घराबाहेर पडलेल्या माणसासाठी ती लगेच चालते, एवढंच.

मग डची, म्हणजे घराण्याच्या पिढीजात जहागिरी. लँकेस्टरची डची राजाची, कॉर्नवॉलची युवराजाची, दोन्ही मिळून हजारो एकर जमिनी, आणि दोन्हीकडून दरवर्षी साधारण दोन-दोन कोटी पौंडांच्या वर मिळकत. हे 'खासगी उत्पन्न' समजलं जातं. यावर कॉर्पोरेशन टॅक्स नाही. आयकर १९९३ पासून स्वखुशीनं भरतात, पण युवराज विल्यमनं आपण नेमका किती कर भरला हा आकडा सांगणं बंद केलंय, त्याचे वडील युवराज असताना सांगायचे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पत्रकारांनी खोदून काढलं की ही खासगी मिळकत येते कुठून. लंडनच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटल ट्रस्टनं ॲम्ब्युलन्स ठेवायला लँकेस्टर डचीची गोदामाची जागा घेतली, १५ वर्षांचे १ कोटी १४ लाख पौंड. आणि माझं आवडतं उदाहरण डार्टमूरच्या तुरुंगाचं. तुरुंगाची जागा कॉर्नवॉल डचीची, सरकारनं २५ वर्षांचा करार केलेला, वर्षाला १५ लाख पौंड भाडं. तिथल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूमुळे २०२४ मध्ये सगळे कैदी हलवले, तुरुंग रिकामा. भाडं चालू. आमच्याकडे म्हण आहे ना, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, इथे न्हावीसुद्धा नाही, नुसती भिंत आणि तिचे पैसे. आता हा करदात्याचा पैसा का खासगी उत्पन्न? दोन्ही. माझ्या खिशातून निघाला तेव्हा कर होता, तिकडे पोचेपर्यंत खासगी झाला.

या सगळ्यापुढे ४४,८२२ पौंडांची रेल्वे म्हणजे खरंच चिल्लर. पण रेल्वेचा फोटो छान येतो.

राजाचा धाकटा भाऊ अँड्र्यू, त्याचं प्रकरण घ्या. त्याला इथे एअर माइल्स अँडी म्हणायचे, २००१ ते २०११ तो व्यापारदूत म्हणून जगभर फिरला, २०१९ मध्ये उत्तर आयर्लंडात गोल्फची ओपन स्पर्धा होती तिथे चार्टर विमानानं गेला, जवळपास १६ हजार पौंड, तेव्हाही पेपरात आलं. वीस वर्षं लोक त्याच्या विमानांवर विनोद करत होते. आणि तेवढी वीस वर्षं तो विंडसरच्या पार्कात तीस खोल्यांच्या रॉयल लॉजमध्ये जे भाडं देऊन राहत होता ते म्हणजे करारात लिहिल्याप्रमाणे मिरीचा एक दाणा, तोही मागितला तर. विनोद नाही, इंग्रजी कायद्यात नाममात्र भाड्याला खरंच असं लिहितात. आता न्यायानं सांगायचं तर २००३ मध्ये त्यानं ७५ वर्षांच्या लीजसाठी १० लाख पौंड आधी दिले होते आणि ७५ लाख दुरुस्तीवर घातले होते, म्हणजे अगदीच फुकट नव्हतं. पण लोकांच्या तोंडी ही मिरी आली कधी, तर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, आणि तीसुद्धा लैंगिक गुन्हेगार एपस्टीनशी त्याच्या मैत्रीचं प्रकरण एवढं पेटलं होतं म्हणून. त्याच महिन्यात भावानं त्याचं प्रिन्सपद काढून घेतलं. माझ्या घरापासून काही मैलांवर हा करार बावीस वर्षं चालू होता आणि आम्ही बोर्डिंग पास मोजत बसलो होतो.

प्रवासात काम कुठे संपतं आणि खासगी कुठे सुरू होतं हाही घोळ आहेच, आणि त्याचं उदाहरण थेट भारतातलं आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सामोआहून परतताना चार्ल्स आणि कमिला बंगळुरूला उतरले, व्हाइटफील्डच्या एका वेलनेस सेंटरमध्ये योगा, आयुर्वेद वगैरे करत तीन-चार दिवस राहिले. खासगी मुक्काम म्हणून. राजा तेव्हा कॅन्सरवरच्या उपचारांत होता, एवढ्या लांबच्या प्रवासात पंच्याहत्तर वर्षांच्या आजारी माणसानं मध्ये विश्रांती घेतली यात मला माणूस म्हणून काही गैर वाटत नाही. पण परिषदेला जाणं सरकारच्या सांगण्यावरून, मुक्काम स्वतःसाठी, आणि वाट एकच. साहेबांच्या देवदर्शनाची ओळ आठवली की नाही? बाबांनी विचारलं असतं, मुक्कामाचं प्रयोजन? कदाचित उत्तर अगदी समाधानकारक मिळालं असतं. पण विचारलं असतं.

इथे कुणीतरी नक्की म्हणणार की अरे माणशी किती पडतं ते बघ. बघितलं. ८ कोटी ६३ लाख असताना माणशी सव्वा पौंडाच्या आसपास, आता दोन पौंडांना थोडे कमी. एका कॉफीपेक्षा स्वस्त. हा हिशोब मला कायम लबाड वाटतो, कारण माणशी भाग घातला की काहीही स्वस्त दिसतं. स्लाव कौन्सिलनं केलेली एकेक चूकही माणशी भागली तर कॉफीइतकीच होती, अशा बऱ्याच कॉफ्या मिळून दिवाळं निघालं.

दुसरं म्हणणं, टुरिस्ट येतात. येतात की. फ्रान्समध्ये राजा जाऊन जमाना झाला, व्हर्सायला अजून रांग असते. म्हैसूरचा राजवाडा बघायला दसऱ्यात पाय ठेवायला जागा नसते. पुढे जाऊ.

तिसरं म्हणणं जरा वजनदार आहे, की क्राऊन इस्टेटचा सगळा नफा राजा सरकारला देतो आणि त्यातला थोडासाच परत घेतो, म्हणजे उलट आपणच त्याचं देणं लागतो. हे मी आमच्या इथल्या गणपती मंडळातल्या एका काकांकडून दरवर्षी ऐकतो. पण १७६० मध्ये तिसऱ्या जॉर्जनं त्या जमिनींचं उत्पन्न संसदेला सोपवलं ते काही दान म्हणून नाही. तोवर राज्यकारभाराचा खर्च राजानं त्या उत्पन्नातून चालवायचा असायचा, आणि तो भागत नव्हता. जमिनींचं उत्पन्न गेलं, त्याबरोबर खर्चाची जबाबदारीही हळूहळू गेली आणि ठरलेला भत्ता पदरात पडला. आज त्या जमिनी राजाला विकता येत नाहीत, त्याच्या खासगी नाहीत. उद्या कुणी म्हणालं की माझ्या पणजोबांचं कर्ज आणि शेत दोन्ही बँकेनं घेतलं, आता शेतात सोनं निघालंय तर १२ टक्के मला द्या, तर बँक चहा तरी देईल का?

आणि चौथं, राष्ट्राध्यक्ष ठेवला तरी खर्च होतोच. एकदम बरोबर. त्यालाही विमान लागतं, वाडा लागतो, रक्षक लागतात. राजेशाही गेली की खर्च शून्य होईल असं सांगणारे फसवतात. फरक इतकाच की निवडून आलेल्याला पाच वर्षांनी दारात यावं लागतं.

१९९२ मध्ये मात्र या देशातल्या लोकांनी एकदा खरंच नामंजूर लिहिलं होतं. नोव्हेंबरमध्ये विंडसरच्या किल्ल्याला आग लागली. विमा नव्हता. मंत्र्यांनी तडकाफडकी सांगून टाकलं की दुरुस्ती सरकार करेल, आणि मंदीत होरपळलेले लोक असे उसळले की विचारू नका. उभा असताना किल्ला त्यांचा आणि जळाल्यावर आपला, हे कसं काय, असा तेव्हाचा सूर होता. त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं आहे. राणीनं आयकर भरायचं मान्य केलं, १९९३ च्या उन्हाळ्यात बकिंगहॅम पॅलेस पहिल्यांदा तिकीट लावून लोकांना उघडला, आणि ३ कोटी ६५ लाखांच्या दुरुस्तीचा बराचसा पैसा त्या तिकिटांतून उभा राहिला. काहीही कोसळलं नाही. राणी पुढे तीस वर्षं लोकप्रिय राहिली, उलट जास्तच. १९९७ मध्ये ब्रिटानिया ही शाही बोटही निवृत्त झाली, आता एडिनबरोजवळ लीथच्या धक्क्यावर उभी आहे, मी तिकीट काढून बघून आलोय, इंजिनरूम एवढी चकचकीत की लाज वाटावी.

आता तुम्ही म्हणाल की आपल्याला, मराठी माणसाला, यात एवढं पडायचं कारण काय. तर कारण आहे, आणि ते मी इथे कर भरतो एवढंच नाही. या घराण्याच्या प्रवासाचा खर्च आपल्या लोकांनी आधीही उचललाय आणि त्यावर ऑब्जेक्शनही आपल्याच माणसानं काढलंय.

१८७५ मध्ये व्हिक्टोरियाचा मुलगा, पुढे सातवा एडवर्ड झाला तो, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. नोव्हेंबरात मुंबईला उतरला. त्याच वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या, तेच ते दख्खनचे दंगे. लंडनच्या संसदेनं युवराजाच्या वैयक्तिक खर्चाला ६० हजार पौंड मंजूर केले, शिवाय आरमाराचा खर्च वेगळा, आणि हिंदुस्थानच्या तिजोरीतूनही गेलेच. तेव्हा लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्याविरुद्ध सभा घेणारा राजेशाहीविरोधी पुढारी चार्ल्स ब्रॅडलॉ पुढे १८८९ मध्ये मुंबईला काँग्रेसच्या अधिवेशनाला आला होता, हेही जाता जाता. युवराजाच्या त्या दौऱ्यानंतर, १८७७ च्या जानेवारीत, व्हिक्टोरियाला सम्राज्ञी जाहीर करायला दिल्लीत दरबार भरला, आणि इकडे दख्खनमध्ये दुष्काळानं माणसं मरत होती.

त्या दरबाराचा यजमान, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन, १८८० मध्ये पुण्याला येणार होता. नगरपालिकेनं स्वागताला हजार रुपये खर्चायचं ठरवलं. ३२ सभासद, आणि विरोधात मत पडलं एक, जोतिराव फुल्यांचं. हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणाले. हजार रुपये! माणशी भाग घातला असता तर पुणेकराला कवडीसुद्धा पडली नसती. ठराव अर्थात मंजूर झाला, पताका लागल्या असतील, साहेब येऊन गेला असेल. पुढे १८८८ मध्ये व्हिक्टोरियाचा दुसरा एक मुलगा, ड्यूक ऑफ कनॉट, याच्या सन्मानाला पुण्यात मेजवानी होती तेव्हा जोतिराव शेतकऱ्याच्या वेशात गेले, आणि भाषणात सांगितलं की इथे जमलेल्या हिऱ्यामोत्यांच्या लोकांवरून प्रजेची कल्पना करू नका, खरी प्रजा खेड्यात आहे, ती बघून आईला सांगा. मला यात वेश घालून जाण्यापेक्षा ते आधीचं ३२ पैकी एक मत जास्त मोठं वाटतं. वेशाचं चित्र होतं, पुस्तकात येतं. हजार रुपयांच्या ठरावाला नाही म्हणणं हे रुक्ष, कंटाळवाणं, क्लार्कचं काम आहे.

आणि तनख्यांचं प्रकरण तर आपल्या आईवडिलांच्या डोळ्यांसमोरचं. विलीनीकरणाच्या वेळी संस्थानिकांना तनखे कबूल केले, घटनेत कलम २९१ घातलं, वर आयकर माफ. ग्वाल्हेरला वर्षाला २५ लाख, कोल्हापूरला १० लाख, आणि सौराष्ट्रातल्या कटोदियाच्या संस्थानिकाला वर्षाला १९२ रुपये. शिवाय गाड्यांच्या वेगळ्या नंबर प्लेट, तोफांच्या सलाम्या, जकातीत सूट. तेव्हाही हेच म्हणणं होतं की देशाच्या बजेटात हे किती, काही कोटी, सोडून द्या, आणि दिलेला शब्द मोडू नका. शब्दाचा मुद्दा खरं तर मला आजही पटतो, पटेलांनी त्या शब्दावर पाचशेच्या वर संस्थानं गोळा केली होती. १९७० मध्ये तनखेबंदीचं विधेयक राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ असं पडलं, दोन तृतीयांशाला एका मताचा तुकडा कमी. मग राष्ट्रपतींच्या आदेशानं मान्यता काढली, सुप्रीम कोर्टानं डिसेंबरमध्ये तो आदेश रद्द केला, मग निवडणूक, आणि १९७१ च्या अखेरीस २६ वी घटनादुरुस्ती. पद्धत रांगडी होती, राजकारण होतं, सगळं होतं. पण एवढं सगळं होताना संसद, कोर्ट, मतदार या तिघांनी त्या खर्चावर आपापलं हो किंवा नाही लिहिलं. इथे ब्रिटनमध्ये दर वर्षीची रक्कम टक्केवारीच्या सूत्रानं ठरते आणि आपल्याला पेपरात कळतं.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर मी हे टाकलं तर पहिला रिप्लाय आला, आधी आपल्या आमदारांचे भत्ते बघ, मग राजाचे. मुद्दा चूक नाही. राजे गेले आणि लाल दिवे आले, ते काढायला २०१७ उजाडलं. रेल्वेनं ज्येष्ठांची तिकीटसवलत कोविडमध्ये, मार्च २०२० ला, बंद केली आणि माजी खासदारांचे पास चालूच. पण मला कळत नाही की यामुळे राजाचं बिल कसं बरोबर ठरतं. एका टेबलावर ऑब्जेक्शन निघत नाही म्हणून दुसऱ्या टेबलावरही काढू नये?

स्पेनमध्ये २०१२ साली बेरोजगारी चोवीस टक्क्यांच्या घरात असताना राजा हुआन कार्लोस बोत्स्वानात हत्तींच्या शिकारीला गेला होता. लोकांना कळलं कसं, तर तिथे पडून त्याचं खुब्याचं हाड मोडलं आणि विमानानं आणावं लागलं म्हणून. हाड मोडलं नसतं तर कळलंही नसतं. त्यानं हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून माफी मागितली, दोन वर्षांनी गादी सोडली. उलट बाजूला नेदरलँड्सची युवराज्ञी अमालिया, २०२१ मध्ये अठरा पूर्ण होताना कायद्यानं मिळणारा वर्षाला सुमारे १६ लाख युरोंचा भत्ता तिनं शिक्षण चालू असेपर्यंत नको म्हणून पंतप्रधानांना पत्र लिहिलं, की त्या बदल्यात मी अजून काही काम करत नाही, हे मला अवघड वाटतं. छान मुलगी. पण कुणाच्या हाडावर किंवा कुणाच्या चांगुलपणावर देशाचा हिशोब चालवायचा का?

मला राजा घालवायचा नाहीये, खरं सांगतो, आमच्या मुलीला घोडदळ बघायला फार आवडतं आणि मलाही. माझी मागणी बाबांच्या टेबलाएवढीच आहे. टक्केवारी काढून टाका आणि दर वर्षी रक्कम संसदेत मताला टाका, जशी बाकी सगळ्या खात्यांची टाकता. ती खाली न येण्याची खुंटी उपटा. सुरक्षेची एक गोळाबेरीज छापा. डचींचा कर छापा, आणि त्यांनी सरकारी संस्थांकडून घेतलेलं भाडंही. प्रवासाची मंजुरी दरबाराबाहेरच्या माणसानं द्यावी आणि त्याचं नाव खाली असावं. रेल्वे ठेवली तरी माझी हरकत नाही, चालवा, दोन महिन्यातून एकदा स्लावला थांबवा, लोक फोटो काढतील.

परवा बाबांना विचारलं की त्या साहेबांच्या बिलातली देवदर्शनाची ओळ किती रुपयांची होती. म्हणाले, आठवत नाही रे, वीस-पंचवीस असेल. पण खोडताना साहेबांनी खाली सही केली होती, ती आठवते.